आक्षेप क्रमांक एक्केचाळीस

विभागीय उत्तर-स्पर्धेत कवळीवाला आणि त्याची बायको ही जोडी पहिली आली, आणि त्याच दुपारी बारा चाळीसच्या गाडीने बायको त्याला सोडून गेली. यातली दुसरी गोष्ट घडलेलीच नाही, असं चर्चच्या मंडळीच्या कार्यकारिणीत सर्वानुमते ठरलंय. तेव्हा आपणही ती घडली नाही असं धरून चालू आणि पहिल्यापासून सांगू. म्हणजे बायको घरात आहे, आणि भिंतीवर घड्याळ एकच आहे.

कवळीवाला कवळ्या विकायचा नाही, करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं पाठवायचे, आणि हा एका बिनखिडकीच्या खोलीत बसून प्लास्टरचा जबडा ओतायचा, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, वरची पंगत खालच्या पंगतीवर टेकते की नाही ते पाहायचा. चिठ्ठीवर नुसता नंबर आणि दाताचा रंग. तोंड कुणाचं, ते कधीच कळायचं नाही. शेकडो माणसं त्याने केलेलं हसू हसत हिंडत होती, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडावर मात्र कायम कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखे भाव. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. याचे दोन्ही दुसऱ्यांकडे होते.

पण कवळ्या हे पोटापाण्याचं झालं. त्याचं खरं काम होतं तयार असणं.

त्याचं असं, की बायबलात प्रेषिताने फार पूर्वी लिहून ठेवलंय: तुमच्यातल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कायम तयार असा. पुढे त्याने हेही लिहिलंय की उत्तर सौम्यपणे द्या, समोरच्याचा मान राखून द्या. पण सभागृहातला फलक रंगवताना कापड कमी पडलं, आणि पुढचं राहून गेलं. या अर्ध्या फलकाखाली दर रविवारी उपासनेनंतर ‘सज्जता वर्ग’ भरायचा. वर्ग घ्यायचे शिट्टीसर. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. पोरं गेली, कवायत गेली, पण गळ्यातली शिट्टी गेली नाही. सरांनी जगातल्या सगळ्या शंका मोजून चाळीस काढल्या होत्या. चाळीस आक्षेप, चाळीस कार्डं. प्रत्येकाची उत्तरं तीन मापांत: लिफ्टमधलं चाळीस सेकंदांचं, रांगेतलं चार मिनिटांचं, प्रवासातलं पंचवीस मिनिटांचं. कवळीवाल्याला तिन्ही मापं तोंडपाठ. लिफ्टचं उत्तर तर तो असं बेतायचा की शेवटच्या शब्दाला दार उघडावं.

गैरसोय एकच होती. अकरा वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

वर्गात एक विचारणा-वही असायची. कोणी विचारलं, काय विचारलं, कितवं कार्ड वापरलं. कवळीवाल्याच्या पानांवर पाचशे बहात्तर रविवारचं ‘निरंक’ सुवाच्य अक्षरात होतं. त्याउलट मंडळीतला नळवाला, ज्याला तीन नंबरच्या कार्डापुढे काही पाठ होत नव्हतं, त्याला महिन्यातून चारदा विचारणा. दुसऱ्याच्या मोरीखाली डोकं घालून गाणी म्हणायचा मेला. लोक विचारणारच की, बाबा रे, एवढा खूश कशानं?

“काय उत्तर दिलंस?” शिट्टीसर विचारायचे.

“काय ते आठवत नाही बुवा. पण त्यांनी चहा दिला.”

“कार्ड कितवं?”

“हात ओले होते हो सर.”

कवळीवाल्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. कामाच्या टेबलावर त्याने एक छोटा लाकडी क्रूस उभा केला होता, कुणाला तरी विचारावंसं वाटेल म्हणून. शेजारी बसून कवळ्या घासणाऱ्या पॉलिशवाल्याला तेवढंच वाटलं, की किल्ल्या अडकवायची बरी सोय झाली. मग कवळीवाल्याने मोठ्याने उसासे टाकून ‘देवाची कृपा’ म्हणायला सुरुवात केली.

“पोट बिघडलंय का?” पॉलिशवाला म्हणाला.

हा एवढाच प्रश्न जवळपास आला होता.

सराव करायला समोर कुणीतरी आक्षेपक लागतो. वर्गात ते काम कवळीवाल्याच्या बायकोकडे होतं. जीभ धारदार, आवाज खणखणीत. बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसायची ती. दिवसाला चारशे माणसं तिला विचारायची, गाडी कधी, गाडी कुठं, गाडी का नाही. “घरात एकाला दिवसभर विचारतात आणि एकाला जन्मात नाही,” ती म्हणायची. “देवाने वाटप करताना पत्ता चुकवला.” रविवारी ती छातीवर पत्र्याचा गोल बिल्ला लावायची, त्यावर ‘आक्षेपक’ असं लिहिलेलं. बिल्ला लावला की तिने अविश्वासी व्हायचं, आक्षेप घ्यायचा, ठरलेल्या जागी ‘हो, पण’ म्हणायचं, आणि वेळ संपायच्या आत ‘पटलं’ म्हणायचं. ‘पटलं’ म्हटलं की शिट्टी. बिल्ला काढला की ती पुन्हा विश्वासी. नऊ वर्षांत ती कितीदा पटली असेल, याचा हिशोब नाही.

आता त्या मंगळवारचं.

विभागीय स्पर्धा पाच दिवसांवर आली होती. कवळीवाला कामावरून लवकर येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डं मांडून बसला होता. सहा-सव्वासहाला बायको आली. चप्पल न काढता समोरच्या स्टुलावर बसली. चहाचं आधण ठेवलं नाही, पंखा लावला नाही. बराच वेळ कार्डांकडे बघत राहिली.

“ऐकतोस का?”

“हं. चप्पल.”

“राहू दे चप्पल. खिडकीवर एक आजोबा येतात, सांगितलं होतं ना तुला? रोज अकराला येतात नि विचारतात, अकराची आली का. त्यांचा मुलगा त्या गाडीने यायचा. ती गाडी बंद होऊन दोन वर्षं झाली. मी रोज सांगते, आजोबा, बंद झाली. ते बरं म्हणतात, जातात, उद्या परत.”

“मग?”

“मागच्या आठवड्यात मागं ही रांग, फोन वाजतोय, डोकं उठलेलं. ते आले नि माझ्या तोंडून निघून गेलं, येईल, बसा. बसले. सहा वाजेपर्यंत बसले बाकावर. जाताना म्हणाले, उद्या येईल ना? मी म्हटलं, हो. आता रोज बसतात. डबा घेऊन येतात. शेजारच्यांना सांगतात, खिडकीतल्या बाईंनी सांगितलंय, येणार आहे. इतके खूश दिसतात रे. दाढी करून येतात.”

कवळीवाल्याने कार्ड खाली ठेवलं होतं. आतापर्यंत सगळं ठीक चाललं होतं, हे त्याच्या वतीने नोंदवायला हवं.

“आज मी त्यांच्याकडे बघत होते,” बायको म्हणाली, “आणि वाटलं, आपणही हेच करतो का? कुणीतरी कधीतरी खिडकीतून सांगितलं, येईल, बसा. कार्डं सोड. तू मला सांग, तुला खरंच वाटतं ना? आणि वाटत असेल तर दिसत का नाही? खोट्या गाडीची वाट बघणाऱ्याच्या तोंडावर उजेड, आणि खऱ्याची वाट बघणाऱ्याच्या तोंडावर प्लास्टर. असं का?”

कवळीवाला तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत चमक आली. नऊ वर्षांत तिने ही चमक फारशी पाहिली नसावी, कारण ती क्षणभर पुढे झुकली.

“वा!” तो म्हणाला. “हे चाळीसात नाही!”

तो उठला. ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं: ‘आक्षेप क्रमांक एक्केचाळीस. बंद झालेली गाडी.’ मग तिथेच पडलेला बिल्ला उचलला, बायकोजवळ गेला, आणि नीट, तिला पिन टोचू नये याची काळजी घेत, तिच्या छातीवर लावला.

“हां. आता पहिल्यापासून. ‘आजोबा’पासून घे. तोंडाबद्दलचं शेवटचं गाळ, ते जरा वैयक्तिक होतंय.”

तिने बिल्ल्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग, आजोबांपासून, पुन्हा सगळं म्हटलं. शेवटचं गाळून. कवळीवाल्याने उत्तर दिलं: खिडकीतल्या बाईंचा शब्द आणि ज्याने वेळापत्रक केलं त्याचा शब्द यांत फरक आहे, वगैरे. उत्तर चांगलं होतं. खरंही असेल. चार मिनिटं दहा सेकंद लागली.

“दहा सेकंद जास्त झाली,” तो म्हणाला.

“पटलं,” बायको म्हणाली आणि चप्पल काढायला बाहेर गेली.

त्या रात्री कवळीवाल्याला छान झोप लागली.

रविवारी सभागृह भरलं होतं. बाहेरगावचे तीन परीक्षक, पांढरी चादर टाकलेलं टेबल, पाण्याचे तीन पेले, आणि शिट्टीसर नव्या नाडीची शिट्टी गळ्यात घालून. बाकी जोड्या आल्या, पटल्या, गेल्या. मग कवळीवाला आणि बायको. तिने बिल्ला लावला. कवळीवाल्याने जाहीर केलं की आम्ही आज चाळीसाबाहेरचा आक्षेप सादर करतोय, आणि सभागृहात अशी कुजबुज झाली की जणू त्याने दहा आज्ञांनंतरची अकरावी आज्ञा शोधून काढलीय.

बायकोने आजोबांचं सांगितलं. ती सांगत होती तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. परीक्षकांनी लिहून घेतलं. कवळीवाल्याने उत्तर सुरू केलं, तेवढ्यात तिने हात वर केला. ही ‘हो, पण’ची जागा नव्हती.

“थांब,” ती म्हणाली. “तू जे गाळायला लावलंस ते राहिलं. मला उत्तर पाठ आहे रे, मीच घोकून घेतलंय तुझ्याकडून. मला ते नकोय. मला तू सांग. अकरा वर्षांत तुला कुणी का विचारलं नसेल, असं कधी आलं का मनात?”

सभागृहात टाचणी पडली असती तर शिट्टीसरांनी ती बाद केली असती.

कवळीवाल्याचं तोंड उघडलं. आपल्याच हाताने बसवलेला साचा असावा तसं ते उघडंच राहिलं. बायको वाट बघत होती. तिने रोज दिवसभर लोकांना वाट बघताना पाहिलं होतं, तिला ते जमत होतं. आणि मग कवळीवाला म्हणाला,

“हे कार्डावर नाही.”

लोक हसले. चांगल्या मनाने हसले.

“पटलं नाही,” बायको म्हणाली.

वर्गाच्या इतिहासात हे दोन शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले. तिने बिल्ला काढला, पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवला, आणि मधल्या वाटेने सरळ चालत दाराबाहेर गेली. दार आपोआप मिटलं.

टाळ्या पडल्या. कडाडून पडल्या. “काय अभिनय!” कुणीतरी म्हणालं. ती परत येऊन वाकून नमस्कार करेल म्हणून टाळ्या थोड्या लांबवल्या गेल्या, मग विरल्या. कवळीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट वीस सेकंद शिल्लक होती.

इथे कुणीही माणूस काय करेल ते तुम्ही जाणता. दार पंधरा पावलांवर होतं, स्टँड पाच मिनिटांवर. कवळीवाला रिकाम्या खुर्चीकडे वळला आणि उरलेलं उत्तर त्याने तिला दिलं. एक मिनिट एकोणीस सेकंद.

शिट्टी.

मुख्य परीक्षक भारावून म्हणाले, “समोर कुणी नसतानाही जो उत्तर देतो, तो खरा सज्ज!” पहिलं बक्षीस भिंतीवरचं घड्याळ. बक्षीस समारंभ साडेबाराला, त्यानंतर आभार, त्यानंतर प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा बारा चाळीस होत होते, असं त्याला नव्या घड्याळात दिसलं, कारण त्याने डोळे मिटले नव्हते.

घरी बायकोची बॅग नव्हती. तिची चप्पल जिथे असायची तिथे फरशीचा चौकोन जरा उजळ होता.

पुढल्या रविवारी कार्यकारिणी बसली. शिट्टीसर म्हणाले की बाईंनी भूमिका फारच मनावर घेतली. कुणीतरी म्हणालं की विजेत्या जोडीबद्दल असं काही बाहेर गेलं तर बक्षीस परत मागतील, पुन्हा आपलेच दात आणि आपलेच ओठ. सबब काही घडलेलं नाही. मंगळवारच्या विचारण्याचं काय, असं कवळीवाल्याने विचारलं. नियम सहा काढला गेला. घरच्यांनी विचारलेलं धरत नाहीत. शिट्टीसरांनी त्याच्यादेखत त्या आठवड्यापुढे लिहिलं: निरंक.

तो रोज फोन करायचा. चौथ्या दिवशी तिने उचलला. ती ताईकडे होती, तिच्या मोठ्या बहिणीकडे.

“जेवलीस का?”

“हो.”

“घड्याळ लावलंय भिंतीवर. जुन्याशेजारी. दोन्हींत चार मिनिटांचा फरक आहे. ऐक ना. तिकडून परतीची गाडी किती वाजता असते गं?”



“ती बंद झाली,” ती म्हणाली.

कवळीवाला दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेला. चौकशीच्या खिडकीत नवी मुलगी होती, तिने मान वर न करता सांगितलं, “रोज आहे. सव्वापाच.” तीन वाजले होते. तो बाकावर बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा मांडीवर डबा घेऊन बसला होता. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. वरची कवळी जरा सैल होती, बोलताना खाली यायची. कवळीवाल्याने ओळखलं. तोंड नव्हे, काम. ही त्याच्याच हातची होती.

“कुणाची वाट बघताय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“बायकोची.”

“अरे वा. येणार आहे म्हणून सांगितलंय का कुणी?”

“नाही. येणार नाही असंच सांगितलंय.”

“कुणी?”

“तिनेच.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट वळून पाहिलं. थट्टा नव्हती, कीव नव्हती. खरोखर जाणून घ्यायचं होतं त्याला.

“मग बसलाय कशाच्या जोरावर?”

अकरा वर्षं, पाचशे बहात्तर रविवार, आणि प्रश्न आला. लिफ्टमधलं, रांगेतलं, प्रवासातलं, सगळी मापं उपलब्ध होती. गाडीला दोन तास होते. कवळीवाल्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिशात कार्डं होती. तो हात त्याने रिकामाच बाहेर काढला.

“माहीत नाही हो,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली, जणू हे पुरेसं होतं, आणि डबा उचलून थोडा सरकला, त्याला ऐसपैस बसता यावं म्हणून.

“बसा मग,” तो म्हणाला.

सव्वापाचची गाडी आली. सात माणसं उतरली. त्यांत ती नव्हती.

रविवारी शिट्टीसर हरखून गेले. “विचारलं? खरंच? अनोळखी माणसाने? अरे, आण ती वही!” त्यांनी स्वतः पेन उघडलं. “उत्तर कुठलं दिलंस?”

“माहीत नाही, असं म्हणालो.”

“कितवं कार्ड ते?”

“कार्ड नाही.”

“मग?” सरांनी पेन मिटलं. “असलं उत्तर नाही आपल्याकडे. निरंक लिहावं लागेल रे.”

त्यांनी लिहिलं. कवळीवाला बघत राहिला, मग त्याने वहीतलं शेवटचं कोरं पान फाडून घेतलं, अर्ध्या फलकाखाली बसून त्याच्यावर पुढचा अर्ज लिहिला, आणि तिथल्या तिथे दाखल केला. आवक क्रमांक पडला. पुढे काही झालं नाही.

मा. कार्यकारिणी यांस,

विषय: प्रश्न पुन्हा विचारला जाण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी अर्ज करतो की, मंगळवारी सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास अर्जदाराच्या स्वयंपाकघरात अर्जदाराच्या पत्नीने अर्जदारास त्याच्या ठायी असलेल्या आशेबद्दल विचारणा केली. सदर विचारणा खरी होती. अर्जदाराने ती सराव समजून तिला क्रमांक दिला. सबब सदर विचारणा अद्याप झालेली नाही असे समजून, संबंधित व्यक्तीने ती त्याच ठिकाणी, त्याच आवाजात, चप्पल न काढता, आणि काहीही न गाळता पुन्हा करावी, असे आदेश व्हावेत. बिल्ला अर्जासोबत परत करीत आहे. उत्तरास वेळेची मर्यादा नसावी. अर्जदाराची या वेळी कसलीही तयारी नाही, याची कृपया नोंद घ्यावी. तसेच अकराची गाडी पूर्ववत सुरू करण्यात यावी. आणि हे आपल्या अखत्यारीत येत नसल्यास प्रस्तुत अर्ज योग्य त्या वरिष्ठांकडे पाठवून, त्याची पोच अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती.